किती कॉपी काढू?

राजारामपुरीत, नवव्या गल्लीच्या तोंडाला
माझं मशीन साडेनवाला गरम होतं.
निकाल लागला की पोरं येतात,
पेन ड्राइव्ह गळ्यात, ताइतागत.
किती कॉपी काढू?
"पंचवीस काढा की ओ. जाड कागद. फोटो कलरच पाहिजे."
पंचवीस कंपन्या कुठल्या,
हे विचारायचं नसतं.

सगळ्यांच्या पहिल्या ओळीत तेच वाक्य,
एकाचं दुसऱ्यानं उचललेलं, त्याचं तिसऱ्यानं,
स्पेलिंगची चूकसुद्धा जशीच्या तशी.
एकदा मी गुपचूप दुरुस्त केली.
पोरगं म्हणालं, वहिनी, हात लावू नका,
ह्याच फाइलवर आमच्या भावाला शिरोलीत लागलंय.

दिवाळी झाली की तीच पोरं.
दहा. साधा कागद.
रंगपंचमीच्या सुमाराला दोन, ब्लॅक अँड व्हाइट,
आणि वयाची ओळ तेवढी बदलून द्या, म्हणतात.
बावीसच्या जागी तेवीस.
एका बटणाचं काम, त्याचे पैसे घेत नाही.

माझीही एक फाइल आहे ह्या कॉम्प्युटरात.
एम.कॉम., फर्स्ट क्लास.
फोल्डरचं नाव अजून 'नवीन फोल्डर'.

सन्मती मगदूम हुपरीहून येते. डिप्लोमा, मेकॅनिकल.
घरी पैंजणांना घुंगरू जोडायचं काम,
बोटांच्या टोकांना डाग.
ती एकच कॉपी काढते. दर वेळी एकच.
मला वाटलं, पैसे नसतील.
तर म्हणाली, "एका जागी जातो, देतो, नाही म्हणतात, परत येतो.
आधीच दहा काढल्या
तर नऊ नकार पिशवीत घेऊन फिरल्यागत वाटतंय."

गेल्या आठवड्यात एकोणिसावी नेली.
गोकुळ शिरगावात वॉचमननं गेटवरच कागद घेतला
आणि तिच्यादेखत त्यावर चहाचा कप ठेवला.
सांगताना हसत होती.
अगं, मग?
"मग काय. त्याचा चहा संपू दिला.
फोन नंबर वाचायला येतोय का बघितलं. आलो निघून."

आज विसावी.
वीसची नोट पुढं केली, माझ्याकडं सुट्टे नव्हते.
राहू दे, पुढच्या वेळी दे, म्हणाले
आणि जीभ चावली.
ती कागद वाळवल्यासारखा हलवत होती.
"नोट राहू दे तुमच्याकडं.
लागलं तर पेढ्यात धरा,
नाही लागलं तर एकविसावीत."
आणि केएमटी गाठायला पळाली.