झडती

आधी वाटलं, सवयच आहे.
अंगठा बोटावर घासत राहायचा,
बातम्या बघताना, ताट समोर असताना.
एकतीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
कोऱ्या नोटा तपासलेला हात.
मी विचारायचे, किती झाले?
म्हणायचे, अजून बंडल पुरं नाही.

मग सही लहान होत गेली.
'वि. ना. दोंदे' मधला दोंदे
मुंगीएवढा, मग मुंगीच्या पायाएवढा.
बँकेतल्या मुलीने स्लिप परत केली.
एक रेघ हलली म्हणून ज्यांनी अख्खी शीट बाद केली,
त्यांनाच ती म्हणत होती, काका, जुळत नाहीये.
चेहऱ्यावर काही उमटलं नाही.
मला वाटलं, मनाला लावून घेतलं नाही.
तोही आजारच होता, हे वर्षभराने कळलं.

आता पाय दाराशी चिकटतात.
खोलीत बरे चालतात,
आणि न्हाणीच्या उंबऱ्याशी उभे.
अंग पुढे निघतं, पाय मागे राहतात.
एकदा मी ओढलं. दोघंही पडलो.
हसलो, पण नंतर, बाम चोळताना.

बिटको चौकाकडून प्राची बाफना येते,
मंगळवारी, शुक्रवारी, स्कूटीवर.
"ओढायचं नाही काकू. थांबू द्या.
वजन या पायावरून त्या पायावर,
मग एकच पाऊल, मोठं, पाट ओलांडल्यासारखं."
फरशीवर तिने लाल टेप चिकटवली, हातहातभर अंतरावर.
रेघ दिसली की पाय उचलतो.
मोबाइलवर टिकटिक लावून म्हणते, मोठ्याने मोजा!
आणि जन्मभर हळू बोललेला हा माणूस
एक! दोन! असं ओरडतो,
शेजारचे विसपुते खिडकीत येईपर्यंत.

काल दवाखान्याच्या दारात टेप नव्हती.
मागे माणसं खोळंबलेली, आणि हे उभे,
दोन्ही हात अंगापासून किंचित दूर.
लग्नानंतर एकदा घरी करून दाखवलं होतं:
सुटी झाली की गेटवर असं उभं राहायचं,
खिसे, कॉलर, डबा.

मी पुढे झाले.
उजवा खिसा चाचपला, डावा चाचपला.
रुमाल. बडीशेपेची पुडी.
म्हटलं, "दोंदे, काही सापडलं नाही. जा घरी."

पाऊल पडलं.
लहानच.

प्राचीला सांगितलं.
तिने वहीत काय लिहिलं देव जाणे.
म्हणाली, टेपही राहू द्या.