छत्तीसची रेघ

कागोशिमात सकाळी आधी राख पुसायची,
मग दिवा लावायचा.
समोरचा साकुराजिमा रात्रभर खोकला असला
की खिडकीच्या फटीतून येऊन बसते ती
पीठ चाळल्यासारखी, ओट्यावर, रजिस्टरवर,
मिचियो होकाझोनोच्या चष्म्याच्या डबीवरसुद्धा.
ओलं फडकं, मग स्पिरिट, मग दुहेरी हातमोजे.
एन्झाइम मोडायला बोटाचा घामही पुरतो.

आज नमुना एकतीस.
नळीच्या बुडाशी पेशी, तांदळाच्या कणीएवढ्याही नाहीत.
त्यांना विचारायचं एकच:
तुम्ही आपली टोकं पुन्हा विणता का?

शहाण्या पेशीचं टोक दर वाटणीला झिजतं,
वाळवलेल्या बोनितोच्या तुकड्यासारखं.
रोज रंध्यावर घासायचा, रोज कागदी पापुद्रे,
एक दिवस चिमटीत धरवत नाही एवढा उरतो
आणि घासणं थांबतं.
काही घरांत मात्र तुकडा घासूनही तेवढाच.
कोण भरून देतं? किती भराभर?
हे मोजायचं आहे.

प्रत्येक नमुन्याचे दोन वाटे.
एक तसाच. दुसरा पंच्याऐंशी अंशांवर दहा मिनिटं,
त्यात एन्झाइम मरतं. या मेलेल्या जुळ्याच्या रकान्यात
काही दिसलंच, तर आपला हात खोटा.
निरोगी म्हणून मिचियोचं स्वतःचं रक्त.
आणि सगळ्यांच्या तळाशी मुद्दाम पेरलेली
छत्तीस अक्षरांची एक रेघ,
जिचा आजाराशी काही संबंध नाही.
ती उमटली म्हणजे रसायन जागं होतं, एवढंच.
छत्तीसचा आकडा वैराचा खरा,
पण या जेलमध्ये त्याच्याइतकं इमानी कोणी नाही.

रात्रभर फिल्म उणे ऐंशीत.
पहाटे अंधाऱ्या खोलीत लाल दिवा.
एकतिसावा रकाना कोरा.

"म्हणजे शांत!" डॉक्टर अरिमुरा म्हणाला,
नोकरीचं दुसरं वर्ष, उत्साह कोटात मावेना.
"वर जाऊन सांगू त्यांना?"
मिचियोने बोट फिल्मच्या तळाशी नेलं.
छत्तीसही नव्हती.
"ही झोप नाही, डॉक्टर. फोनच मेलाय."

मग कचऱ्याचा डबा. हातमोज्यांखाली नळीचं बूच:
हिरवं. जांभळं हवं होतं.
हिरव्यातलं हेपारिन सगळ्यांचीच तोंडं दाबतं,
खऱ्याचं, खोट्याचं, छत्तीसचंही.

म्हणून जिना चढून चौथ्या मजल्यावर ती स्वतः,
जांभळं बूच घेऊन, माफी मागायला.
समेजिमा तोमे, वय एकाहत्तर,
माकुराझाकीत चाळीस वर्षं बोनितो धुरावलेली,
बाही आधीच वर.
"नाव वाचलंस ना? तोमे. थांब.
पाचवी मुलगी झाली तेव्हा बापाने ठेवलं.
कोण थांबतंय! माझ्यामागून आणखी दोघी."
हसताना मानेतल्या गाठी हलल्या.
शीर तिसऱ्यांदा सापडली.

दुसरी फिल्म.
शिडी.
सहा-सहा अक्षरांवर पायरी,
काळी, तिच्यावर काळी, जेलच्या वरच्या काठापर्यंत,
आणि काठाला चिकटून अजून काही, मोजता न येणारं.
जुळा कोरा. छत्तीस फिकी, पण जागेवर.
मिचियोच्या रकान्यात चार पुसट पायऱ्या.
त्या असतातच, निरोगी रक्तातही.
तरी तिने भिंग जरा जास्त वेळ धरलं.

अरिमुरा गप्प. कालचा आनंद
घडी घालून कुठे ठेवावा, त्याला कळेना.

रजिस्टरात तिने जुनी ओळ खोडली, एकाच रेघेने,
खालचं वाचता येईल अशी.
एकतीस: निकाल रद्द. कारण, हिरवं बूच.
एकतीस, पुन्हा:
आकडा लिहिताना पेनाखाली कचकच आली.
राख.
फुंकली नाही तिने. ओल्या फडक्याने टिपली,
पान वाळू दिलं,
आणि तोच आकडा परत लिहिला.