येण्याचे कारण

जळगावला आम्ही किती वेळा आलो असू,
मी आणि माझी मोठी जाऊ द्वारका!
सोनं मोडायला, परत घडवायला,
सासऱ्यांच्या मोतीबिंदूला, तिच्या गर्भपिशवीला,
लग्नांचे बस्ते बांधायला.
डोळा कायम घड्याळावर.
फैजपूरची शेवटची गाडी चुकली की
कुणाच्या तरी दारात पिशव्या घेऊन उभं राहायचं.

यंदा केळी उतरल्यावर ती म्हणाली,
दोन रात्री राहू. लॉजवर.
रात्री दहाला हे गाव कसं दिसतं
ते एकदा बघू.

लॉज शोधायचा म्हणजे आधी नातेवाईक टाळायचे.
वहीच्या मागच्या पानावर तिनं जळगाव काढलं,
भाकरीसारखं गोल,
आणि एकेक तुकडा मोडत गेली:
रामानंदनगर नको, तिथे नणंद.
पिंप्राळा नको, तिथे विहीण,
लॉजवर उतरलो हे तिला कळलं
तर पापड लाटायलासुद्धा बोलावणार नाही.
महाबळला भाचेसून पहाटे फिरायला निघते
अन् सगळं बघते.
मेहरूणच्या तळ्याकाठी आपलं कुणीच नव्हतं,
पण तिथला भाव ऐकून द्वारकानं फोन
तवा ठेवावा तसा खाली ठेवला.

उरलं स्टेशन.

पहिल्या लॉजचं नाव तापी दर्शन.
तापी तिथून कोसावर कोस लांब,
खिडकीतून दिसली पाण्याची टाकी.
दुसरा साडेचारशे, गादीला आधीच्या माणसाचा आकार.
तिसऱ्याच्या काउंटरवरचा माणूस
आमच्याकडे बघतच राहिला,
आम्ही पायरीवरूनच वळलो.

चौथ्यात मोरी आत होती, बादली लोखंडी,
चादरीला उन्हाचा वास.
द्वारकानं आतून कडी लावली
आणि मला बाहेरून ढकलायला सांगितलं.
मी खांदा लावून ढकललं. हललं नाही.
साडेसहाशे, ती आतूनच ओरडली, सहाशे म्हण त्याला!

खाली रजिस्टर उघडून बसलेला पोरगा,
मिसरूड नुकतं फुटलेलं.
पेशंट कुठी आहे, मावशी?
आम्ही एकमेकींकडे पाहिलं.
म्हणजे कोणत्या दवाखान्यात?
पेशंटच्या माणसांना शंभर रुपये कमी लावतो आम्ही.

ही बाई कोथिंबिरीच्या जुडीसाठी
अख्खा बाजार दोनदा फिरते.
ती सांगू शकली असती कुठलाही दवाखाना,
सगळ्यांचे मजले तिला पाठ आहेत,
कुठे पाण्याची टाकी, कुठल्या व्हरांड्यात
रात्री पाय पसरता येतात.
मी वाट बघत होते, आता नाव सांगेल, आता सांगेल.

पेशंट नाही, ती म्हणाली. आम्हीच आलो.

पोरानं पेन थांबवलं.
रकाना होता: येण्याचे कारण.
मग काय लिहू?
तुले जे येतं ते लिही, बाबा.
त्यानं पर्यटन लिहिलं,
ट खोडला, परत काढला.
तिनं कनवटीच्या पुडीतून साडेसहाशे मोजून दिले.

रात्री दहाला गाव काही विशेष नव्हतं.
सराफांची शटरं खाली, पायरीवर एक वॉचमन डबा खातोय.
रसवंतीवाला चरक धूत होता.
अंडाभुर्जीच्या गाडीभोवती पोरं.
आम्ही एक एक पान खाल्लं, भर रस्त्यात, डोक्यावर पदर न घेता.
कुणी विचारलं नाही, कुणाच्या तुम्ही.

मग खोली. मालगाडी गेली की
तांब्यातलं पाणी थरथरायचं.
द्वारका केस सोडून पडली होती,
मला वाटलं झोपली.

शंभर रुपये गेले वं माय आपले,
अंधारातून आवाज आला,
आणि आम्ही दोघी अशा हसलो
की पलीकडून कुणीतरी भिंत वाजवली.

तेव्हा सुचलं,
तिकडे कुणी खरंच शंभर रुपये कमी देऊन
उतरलं असेल.
हसू उशीत कोंबलं.
बराच वेळ ते आतच हलत राहिलं.