कान तुटलेला कप

शारजा. तिसरा मजला. उम्म निझार
चीजचं खारट पाणी तिसऱ्यांदा ओतते.
"मैदा किती?"
"एक कप."
"कुठला?"
"आईचा. कान तुटलेला.
तो नाब्लुसलाच राहिला, घरात."

मग ती भिजलेली कणी चिमटीत धरते,
आणि दुसऱ्या हाताने माझ्या कानाची पाळी:
"इतकं मऊ."

कलौंजी, पुदिना. पाऱ्या मी लाटते,
कडेला मुरड घालते, करंजीची,
मालवणच्या आत्याने चापट्या मारून शिकवलेली.
ती थांबते. चष्मा वर सारते.
बोटाने पीळ मोजते.
काही बोलत नाही.

तेल तापलंय. एसी घरघरतोय.
एक फुटतेच, चीज कढईभर.
"ही रांधणारीची," म्हणते,
आणि मोडून अर्धी
फुंकर न घालताच माझ्या तोंडात.

जीभ पोळली.
मीठ होतंच अजून थोडं.