धडा

कांदा-बटाटा मार्केटात मी तोलार.
बारा वर्षं गोण्या काट्यावर चढताना बघतोय.
पन्नास किलोमागे शंभर-दोनशे ग्रॅम
इकडचे तिकडे झाले
तर ना शेतकरी बोलतो, ना व्यापारी.
ओल असते, माती असते, उडून गेलेली साल असते.
ग्रॅम हा शब्द मी
कधी मोठ्याने उच्चारलाच नव्हता.

आता पहाटे पाचला
वाशीतल्या या तिसऱ्या मजल्यावर
तोलपावतीच्या मागे दोन आकडे लिहितो.
बेबी ऑफ हर्षला वन : नऊशे चाळीस.
बेबी ऑफ हर्षला टू : अकराशे दहा.

तिसऱ्या दिवशी दोघी उतरल्या.
"उतरणारच," सिस्टर जिन्सी म्हणाली, "पाणी जातं."
मला ठाऊक आहे पाणी जातं.
चाळीत भरलेला कांदाही सुकतो.
पण कांद्यासाठी मी
जिन्यात बसून रडलो नव्हतो.

तोलण्याआधी ती
लंगोट, टोपी, नळी, पायाची पट्टी
सगळ्याचं वजन वजा करते.
आमच्यात याला धडा करणं म्हणतात.
भांड्याचं भांड्याला, मालाचं मालाला.
म्हटलं, सिस्टर, नळी तेवढी राहू द्या ना आकड्यात,
हजाराच्या जरा जवळ जाईल.
ती हसली.
वजा केली.

पाचव्या रात्री पाटणहून आईचा फोन :
पाटावर कोरा कागद ठेव, लेखणी ठेव,
सटवाई येईल.
इथे पास एकच. चपला बाहेर, गाऊन,
कोपरापर्यंत दोन मिनिटं साबण.
कपाळावर टोपी ओढलेली, नाकात वाऱ्याची नळी.
आली असेल, तर तिने लिहिलं कुठे?
मी काचेबाहेर उभा होतो, खिशात पेन.
कुणी मागितलं नाही.

हर्षला दर तीन तासांनी पंप घेऊन बसते.
दहा मिली निघालं तर
बाटली ट्यूबलाइटसमोर धरून दाखवते मला,
बोलत नाही.
टू दोन मिली पिते. वन एक.
वन चार मिनिटांनी थोरली,
आणि तीच हलकी.

एका रात्री वनचा श्वास थांबला.
यंत्र ओरडलं.
जिन्सीने तळव्याला टिचकी मारली,
आणि काहीतरी विसरलेलं आठवावं
तसा पोरीने श्वास घेतला.
एवढंच.
निघालेल्या माणसाला मागून हाक मारावी, एवढंच.
मी बाकड्यावर रात्रभर
स्वतःचेच श्वास मोजत राहिलो,
भरमसाट, बिनकामाचे.

एकेचाळिसाव्या दिवशी टू घरी गेली. अठराशे पाच.
कोपरखैरण्याच्या खोलीत ती, तिची आई
आणि गादीवर मुद्दाम सोडलेली वीतभर जागा.
झोपेत ती उजवीकडे पाय मारते.
तिथे साडेसहा महिने
कुणीतरी होतं.

आणि हर्षला डबा भरताना विचारते,
"मी आत्ता कुठे असायला हवं?"
मला तोलता येत नाही.

आज पहाटे शर्टाची बटणं काढायला लावून
जिन्सीने वनला माझ्या छातीवर ठेवलं.
काटा नाही, धडा नाही.
नळीसकट, टोपीसकट.
गोणीला नुसता हात लावून
मी वजन सांगतो, किलोभर चुकत नाही.
हिचं सांगता येईना.
क्षणभर छातीवर कुणी नसल्यासारखं,
क्षणात इतकं की
माझाच श्वास अडला.

तिथून थेट मार्केट.
जुन्नरच्या कुणा म्हाताऱ्याची गोणी काट्यावर :
पन्नास किलो दीडशे.
व्यापाऱ्याने सवयीने पन्नास मांडले.
शेठ, म्हटलं,
वरचे दीडशे पण लिहा.
त्याने चष्म्यावरून पाहिलं.
म्हातारा काही बोलला नाही.
मी पावती धरून
तसाच उभा राहिलो.