सात नंबरचा आवाज

माझा माऊस मुका निघाला.
गोंदियाच्या बाजारातून दोनशे दहाला आणला,
दुकानदार म्हणाला, आवाज करत नाही, भारी चीज आहे.
पळसटोल्यात आल्यावर त्या भारीचा अर्थ कळला:
बाकावरची माणसं माझ्या बोटाकडे बघत बसायची
आणि दर दोन मिनिटांनी विचारायची,
"सुरू केलं का जी?"
मी तोवर अर्जाच्या चौथ्या पानावर असायचो.

मग एका रात्री, नेट जरा बरं होतं तेव्हा,
इवलासा एक प्रोग्राम उतरवला.
फुकट. लग्नाच्या एका फोटोपेक्षा हलका.
काम एकच: टिचकी मारली की वाजायचं.
डाव्या बटनाला एक आवाज, उजव्याला दुसरा.
यादीत थेंब होता, लाकूड होतं, बुडबुडा होता,
बेडूकसुद्धा होता, तो मी दोन दिवस ठेवला
आणि ग्रामसेवक टेबलाखाली वाकून बघू लागला
तेव्हा काढला.
सात नंबरला नावच नव्हतं.
नुसता सात.
कच्च.
तो राहिला.

आता पानठेल्यावर उभी असलेली माणसंही
माझं काम कानांनी वाचतात.
कच्च, थोडं थांबून कच्च: अर्ज पुढे सरकतो आहे.
लांब शांतता: सर्व्हर गेला.
कच्चकच्चकच्चकच्च:
सर्व्हर गेला आणि मी चिडलो.

धान कापणीच्या दिवसांत धुरपता कापगते आली,
हयातीचा दाखला पाहिजे म्हणून.
अंगठा ठेवला. लाल.
दुसरा ठेवला. लाल.
पदराला पुसून, ओला करून,
माझ्या डब्यातल्या लोणच्याचं तेल लावून.
लाल, लाल, लाल.
चाळीस वर्षं बिड्या वळता वळता
तिच्या रेघा तेंदूपानावर उतरून गेल्या
आणि कुठल्या कुठल्या माणसांनी त्या ओढून टाकल्या.
पडद्यावर आलं: जुळत नाही.
समोर बसलेली बाई जिवंत आहे
याला काही आधार सापडला नाही.

तिचं तिकडे लक्षच नव्हतं.
"कैची कोन चालवते रे इथं?"
मी म्हटलं, आजी, कैची नाही, हे बटन वाजते.
पुन्हा वाजवून दाखवलं.
तिनं डोळे मिटून ऐकलं, नाक जरा मुरडलं.
"पान वारलेलं हाय.
पानी माराले पायजे होतं."

"हजाराले किती देतेत याचे?"
काही नाही, आजी. फुकट आहे.
"काहीच नाई? मंग छाट कोन काढते?"
छाटही नाही.
"फुकट कोन देते बाप्पा," ती म्हणाली,
आणि दाराकडे पाहिलं,
जणू तो देणारा चप्पल काढत उभा असेल.

मी उठलो. खुर्ची दिली.
पडद्यावरच्या रिकाम्या जागी बाण आणून ठेवला,
जिथे काही उघडत नाही, काही बंद होत नाही.
दाब, म्हटलं.

कच्च.

कोणाचं बोट, विचारलं नाही.
रेघा आहेत की गेल्या, विचारलं नाही.
कच्च. कच्च. कच्च.
तिचा हात लयीत आला,
मान जराशी डावीकडे झुकली,
दुसरा हात मांडीवर सूप शोधत राहिला.
बाकावरची माणसं गप्प.
पंचवीसला ती थांबली.
"एक कट्टा झाला," म्हणाली, आणि उठली.

डोळ्याची मशीन अर्जुनीला आहे, बुधवारी.
मी चिठ्ठीवर लिहून दिलं,
बसचा टाइमही लिहिला.
चिठ्ठी तिनं बटव्यात ठेवली,
तेल लावल्याचे पैसे किती, ते विचारून गेली.

रात्री दुकानाचं अर्धं शटर ओढून
मी त्या सात नंबरची फाईल उघडली
आणि आवाजावर जरासं पाणी मारता येतं का
ते बघत बसलो.