जे चिकटलं ते

सातपूरला एकतीस वर्षं लेथवर उभा राहिलो.
निरोपाला त्यांनी भिंतीवरचं घड्याळ दिलं.
त्याच आठवड्यात मी ओम्नीची मागची सीट काढली,
तिथं टाकली एक गादी, स्टोव्ह,
पन्नास हात नायलॉनची दोरी,
दीड किलोचं लोहचुंबक
आणि खिळा.

खिळा म्हणजे कुत्रा.
गंगापूर रोडला नर्सरीच्या फाटकाशी सापडला,
भिजलेला, मुठीएवढा.
हाताला चिकटला तो चिकटलाच.

शेजारच्या भामऱ्यांनी विचारलं, काशीला का?
म्हटलं, छे, गंगेवर जाऊन येतो.
नाशकात हे रोजचं वाक्य,
मेथीची जुडी आणायला निघालेलाही हेच म्हणतो.
मी गंगा संपेपर्यंत जाणार होतो,
तेवढं फक्त बोललो नाही.

लहानपणी रामकुंडावर
फुटक्या रेडिओतलं चुंबक सुतळीला बांधून
आम्ही पोरं पाण्यात सोडायचो.
निकेलची पावली टुणकन यायची.
अॅल्युमिनियमचे दहा पैसे ढिम्म हलायचे नाहीत,
त्यांच्यासाठी काठीच्या टोकाला डांबर.
एकदा तळाशी पिवळं काही चमकलं.
दिवसभर सुतळी त्याच्यावरून फिरवली.
कौतिक म्हणाला, सोड,
सोनं गर्विष्ठ असतं,
कुणाच्या मागं येत नाही.

नांदूरमधमेश्वरला पहिल्यांदा दोरी टाकली.
खिळा पाणकोंबड्यांवर इतका भुंकला
की पक्षी बघायला आलेल्या बाईंनी आम्हाला हाकललं.
कोपरगावला सायकलची चेन.
पैठणला मूठ नसलेला विळा,
स्टीलचे रुपये सात,
कुणाच्या नवसाचे, कुणाच्या कंटाळ्याचे.
नांदेडला एक कुलूप, लावलेलं.
बासरला चुंबकच खडकात अडकलं,
एका म्हशीवाल्यानं बुडी मारून काढून दिलं,
वर चहा पाजला.
पैसे घेईना. खिळ्याला मात्र बिस्कीट देताना
माझ्याकडे असं बघत होता
की बाबा, या जनावराला काही घालतोस की नाही.

भद्राचलमला खिळ्यानं खाणं टाकलं.
डॉक्टरला मराठी येत नव्हतं, मला तेलुगू.
त्यानं खिळ्याच्या पोटावर हात ठेवला,
मग माझा हात धरून तिथंच ठेवला,
कुठं गरम आहे ते कळावं म्हणून.
दोन रात्री मी गाडीत बसून होतो.
नदी शंभर पावलांवर. दोरीला हात लावला नाही.
तिसऱ्या सकाळी तो उठला
आणि माझी चप्पल चावली.

राजमहेंद्रीला पुलाखाली चार पोरं उभी,
सुतळी, आणि टोकाला
फुटक्या स्पीकरचं चुंबक.
मी आपलं पाण्याकडे बोट केलं, म्हटलं, गंगा.
एक काळंभोर पोरगं हसलं, म्हणालं, गोदारि.
माझं चुंबक पाहून त्यानं शीळ घातली,
सहज म्हणून आपलं जवळ आणलं
आणि खाट्!
मी ओढतोय, तो ओढतोय,
तिघं त्याच्या कमरेला धरून ओढतायत,
खिळा सगळ्यांभोवती गोल गोल,
सुटेना.
शेवटी दोन्ही त्यालाच देऊन टाकली.

पुढं समुद्र होता. तोही पाहिला.
खिळ्याला खारं पाणी आवडलं नाही.

घरी हेमानं बिस्किटाचा डबा वर्तमानपत्रावर ओतला.
एवढंच?
एवढंच.
आणि ते चुंबक, साडेतीन हजाराचं?
चिकटलं तिकडंच.
ती काही बोलली नाही.
कुलूप तेवढं उचललं,
आत खोबरेल सोडलं,
मालिका बघता बघता
केसातल्या आकड्यानं कोरत बसली.

नवाच्या सुमाराला, जाहिरातीत,
खट्कन उघडलं.
खिळा झोपेतून उठून आला,
कुलपाचा वास घेतला, बराच वेळ,
मग दाराशी जाऊन
उभा राहिला.